पवर्गाचं ऋण

पस्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. दर जूनमध्ये पाचवीच्या नव्या वर्गासमोर फळ्यावर पाच ओळींत पंचवीस व्यंजनं लिहायची आणि पोरांकडून घोकून घ्यायची: कवर्ग कंठ्य, चवर्ग तालव्य, टवर्ग मूर्धन्य, तवर्ग दंत्य, पवर्ग ओष्ठ्य. ‘ओष्ठ्य’ला पोरं हमखास अडखळत आणि मग हसत. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न असे. त्या एका गुणापलीकडे ओठांचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती २०२०च्या एप्रिलमध्ये आली. गावभर तोंडांवर मास्क चढले आणि पंधरा दिवसांत मी बहिरा झालो. निदान मला तसं वाटलं. औषधाच्या दुकानातला मुलगा गोळी ‘सात वाजता’ घ्या म्हणतोय की ‘आठ वाजता’, कळेना. बँकेत मी एकच गोष्ट चौथ्यांदा विचारली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी ती कागदावर लिहून आतून काचेला लावली. घरात मात्र कोणी मास्क लावत नव्हतं आणि घरातलं सगळं मला स्पष्ट ऐकू यायचं. ‘अहो, आयुष्यभर माझंच तेवढं ऐकू येत नव्हतं, आता माझंच तेवढं येतंय!’ असं म्हणून पत्नी मला तपासायला घेऊन गेली.

ऑडिओलॉजिस्ट मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तोंडावर पारदर्शक शील्ड लावून तिने दहा शब्द म्हटले. मी नऊ बरोबर सांगितले. मग तिने माझीच फाइल उचलून तोंडासमोर आडवी धरली आणि तेवढ्याच आवाजात आणखी दहा म्हटले. मला चार आले. ती म्हणाली, ‘सर, तुमचे कान आत्ता गेलेले नाहीत. दहा वर्षं तरी झाली असतील. इतके दिवस तुम्ही ओठ वाचत होतात.’

वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, थ अशा व्यंजनांमधला फुत्कार हरवतो. स्वर बराच काळ शाबूत राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. ‘सात’मधला स गेला की उरतं ते ‘आठ’च्या शेजारीच राहतं. पण स म्हणताना दात जुळतात आणि ओठ किंचित ताणले जातात, ‘आठ’ला तोंड थेट उघडतं. हा फरक माझे डोळे दहा वर्षं टिपत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ज्या अवयवाच्या नावाला पोरं हसायची, त्याच्यावर माझा अर्धा संसार चालला होता.

हे पुस्तक त्या आडव्या धरलेल्या फाइलीमागे सुरू झालं. मी डॉक्टर नाही, भाषाशास्त्रज्ञही नाही. वैद्यकीय प्रकरणं एका दंतवैद्य मित्राने आणि त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने वाचून दुरुस्त केली आहेत, तरीही चूक राहिली असेल तर ती माझी. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो: ओठांच्या सौंदर्याचं वर्णन शोधत कोणी या पानांपर्यंत आलं असेल तर निराशा होईल. संस्कृत कवींनी ते काम उरकून ठेवलं आहे. त्यांच्या नायिकांचे ओठ बिंबफळासारखे. बिंबफळ म्हणजे आपलं तोंडलं, पिकून लालभडक झालेलं. आपण तोंडलं कोवळं, हिरवं असतानाच चिरून मसालेभातात घालतो आणि चुकून पिकलेलं निघालं तर नाक मुरडून बाजूला टाकतो. उपमेची मराठी घरात अशी वाट लागल्यावर मी त्या वाटेला न जाणंच बरं.

आपल्या वर्णमालेची रचना मी वर्षानुवर्षं शिकवूनही नीट पाहिली नव्हती. ती घशापासून सुरू होते आणि एकेक पाऊल पुढे येत ओठांपाशी थांबते. क आत खोल, च टाळूला, ट त्याच्या जरा पुढे जीभ उलटी वळवून, त दातांशी आणि प अगदी दारात. हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी स्वतःच्या तोंडात लक्ष घालून हा नकाशा काढला. त्यात डोळ्यांना धडपणे दिसणारी ओळ शेवटचीच. क आणि ग आत घडतात, बाहेरून काहीच कळत नाही. प, फ, ब, भ, म मात्र रस्त्यावरून दिसतात. उ आणि ओ यांच्यासाठी ओठ गोल होतात, तेही दिसतं. व दातओठांचा.

बाळ याच दारातल्या ओळीपासून बोलायला लागतं. सहाव्या महिन्याच्या आसपास ते ओठ मिटून उघडून पाहतं आणि आवाज निघतो याचं त्यालाच नवल वाटतं. आमच्या आजोळी बाळ ओठांनी फुर्र करून थुंकी उडवायला लागलं की आता पाऊस येणार असं म्हणत. मराठी बाळाचा कोश काढून बघा: मंमं, माऊ, भूभू, हम्मा, बाऊ, पापा, भुर्र, बुवा. सगळा पवर्ग. मोठ्या माणसांनी त्याच्याशी बोलण्यासाठी म्हणून बनवलेले हे शब्द, पण बनवताना त्याच्या ओठांना काय जमेल याचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बरोबर घेतला गेला. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांत आईबापांच्या नावांत म आणि प का येतात यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. त्याला मराठीतली ‘आई’ अडचणीची ठरली असती. तिच्यात व्यंजनच नाही, ओठ मिटतच नाहीत. मात्र बाबा, मामा, मावशी सगळे मिटल्या ओठांचे, आणि बाळाचं जेवण, म्हणजे मंमं, तेही. आईला हाक मारायला आपण तोंड उघडं ठेवलं, बाकीच्या गोतावळ्याला दार लावलं.

ओठ वापरू नयेत असं ठरवलं तर काय होतं, हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली हकीकत सांगायला बसतो, पण प्रियेने ओठ चावून ठेवलेत, ते दुखतात. म्हणून तो सगळी कथा एकही पवर्गातलं व्यंजन न वापरता सांगतो. पाठ्यपुस्तकांत याला ‘निरोष्ठ्य’ रचना म्हणून एक ओळ मिळते. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते: बिचाऱ्याच्या स्वतःच्या नावात म आणि प दोन्ही आहेत. सगळं सांगता येईल, मी कोण ते सांगता येणार नाही. कर्नाटक संगीतात मुथय्या भागवतरांनी बांधलेला ‘निरोष्ठ’ नावाचा रागच आहे. त्यात मध्यम आणि पंचम वर्ज्य, त्यामुळे सरगम म्हणताना ओठ एकदाही टेकत नाहीत.

आणि आपले पाध्ये. यशवंत पाध्यांनी शंभर वर्षांपूर्वी घडवलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला रामदास पाध्यांच्या हातात माझ्या पिढीने पाहिला. शब्दभ्रमकाराला जबडा हलवता येत नाही, ओठ मिटता येत नाहीत. क, च, ट, त हे सगळं जीभ आतल्या आत उरकते. अडतं ते पवर्गाशी. प ब म यांच्या जागी जिभेने तसाच काहीसा आवाज काढून तो प ब म आहे असं प्रेक्षकाच्या गळी उतरवायचं, ही त्या कलेतली खरी मेहनत. आता पाध्यांच्या बाहुल्यांची नावं बघा: अर्धवटराव, तात्या विंचू. दोन्हींत एकही पवर्गातलं व्यंजन नाही. हे जाणून केलं असा माझा दावा नाही. कारण अर्धवटरावाची बायको आवडाबाई, आणि तिच्या नावात ब ठाण मांडून बसला आहे. संसारात अडचण कुठे तरी यायचीच.

इथवर गंमत. पण ओठ वाचण्याची जी कला मला नकळत आली, तिच्याविषयी समाजात एक भाबडा समज आहे आणि तो या पुस्तकात मला मोडून काढायचा आहे. सिनेमातला बहिरा माणूस दुर्बिणीतून पाहून शत्रूचं सगळं बोलणं सांगतो. असं होत नाही. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा: पान, बाण, मान. काही फरक दिसला? आता भात, पाठ, माठ. घोष-अघोष कंठात ठरतं, नाकातून हवा गेली की नाही हे पडजिभेपाशी ठरतं, आणि यातलं काहीही ओठांवर उमटत नाही. ताटावर बसलेल्या माणसाला ‘भात वाढू?’ असं दिसलं तर तो माठ समजणार नाही, एवढाच प्रसंगाचा आधार. ओठ वाचणं हे निम्म्याहून अधिक अंदाज बांधणं आहे आणि दिवसभर अंदाज बांधून माणूस संध्याकाळी थकतो. मला निदान थोडं ऐकूही येतं. जन्मतः ज्याला येत नाही, ज्याने तो शब्द कधी ऐकलेलाच नाही, त्याने ओठांवरून भाषा शिकावी अशी अपेक्षा धरणं म्हणजे केवढा हट्ट.

तो हट्ट धरला गेला. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि जवळजवळ सगळ्या ऐकू येणाऱ्या माणसांनी मिळून ठराव केला की बहिऱ्या मुलांना खुणांच्या भाषेने शिकवू नये, तोंडी भाषेनेच शिकवावं. पुढची कितीतरी वर्षं देशोदेशीच्या शाळांत मुलांनी हात वापरले की शिक्षा झाली. शिक्षकाच्या ओठांकडे टक लावून बसणं हाच अभ्यास. त्याच परिषदेच्या २०१०च्या व्हँकूवर अधिवेशनात त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला, म्हणजे एकशेतीस वर्षांनी. आज वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, जी १९८३पासून या क्षेत्रात काम करते, श्रवणयंत्र, वाचोपचार आणि सांकेतिक भाषा या तिन्ही गोष्टी एका छताखाली आहेत. मला विचाराल तर ओठ हे बहिऱ्या माणसाचं पूरक अन्न आहे, जेवण नव्हे.

पण पूरक अन्न ऐकू येणारेही खातात, हे कळायला १९७६ साल उजाडावं लागलं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. पडद्यावर माणसाचे ओठ ‘ग’ म्हणतायत आणि आवाज ‘ब’चा जोडलेला आहे. पाहणाऱ्याला काय ऐकू येतं? बहुतेकांना ‘द’. डोळे मिटले की ‘ब’, उघडले की पुन्हा ‘द’. खुबी माहीत असलेल्या माणसालाही तसंच होतं, सांगून सुधारत नाही. कान चांगले असलेला माणूससुद्धा गोंगाटात, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर समोरच्याचे ओठ पाहूनच ऐकतो. फोनवर ‘प पतंगातला’ असं सांगावं लागतं, समोरासमोर लागत नाही.

माझ्यासारख्याचे मोठे शत्रू दोन. एक, भरघोस मिशा. साताऱ्याकडे त्यांना मान आहे आणि माझाही विरोध नाही, पण वरचा ओठ झाकणारी मिशी म्हणजे माझ्या दृष्टीने कायमचा मास्क. दुसरा शत्रू तोंडात मावा किंवा पान असलेला माणूस. तो हनुवटी वर करून, खालच्या ओठाची वाटी करून बोलतो. रस सांडू नये म्हणून ओठ एकमेकांना लावायचे नाहीत, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं दंडीच्या मंत्रगुप्तासारखं निरोष्ठ्य होतं. कारण मात्र तितकं रसिक नाही.

आता ओठ या अवयवाकडे येतो. बाहेरची त्वचा आणि तोंडातलं अस्तर यांच्या मधली ही पट्टी. हिला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, वरचा थर पातळ, म्हणून आतल्या रक्ताचा रंग दिसतो. थंडीत ओठ फुटतात ते याचमुळे: ओलावा धरून ठेवायला तिथे तेलकटपणा फारसा नाही. आपण जीभ फिरवतो, थुंकी उडून जाताना होता तो ओलावाही नेते, म्हणून आणखी कोरडं, म्हणून आणखी जीभ. यावर कोकणात कोकमाचं मुठेल लावतात, देशावर लोणी किंवा साय, आणि बेंबीत तूप घालायचा सल्ला सगळीकडेच मिळतो. बेंबीचं मला काही सिद्ध करता आलेलं नाही. ओठांना थेट लावलेलं तूप काम करतं, एवढं खरं.

मेंदूच्या हिशेबात ओठ फार मोठे आहेत. कॅनडातल्या वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदाने १९३०च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूला बारीक वीज देत स्पर्शाचा नकाशा काढला. त्यात अख्ख्या पाठीला जेवढी जागा नाही तेवढी ओठांना आणि बोटांना आहे. गरम चहाचा पहिला घोट ओठ चाखतात. बाळाच्या कपाळाला ताप आहे का हे पाहायला आई ओठ टेकवते तेही याच हिशेबात.

ओठ निळे पडणं ही सर्वांत जुनी धोक्याची खूण. रक्तात प्राणवायू कमी झाला की लाली जाऊन जांभळट छटा येते. (अंगात रक्त फारच कमी असेल तर ही निळाई लवकर दिसत नाही. म्हणजे पंडुरोगी माणसाचे ओठ फसवतात.) या खुणेची एक गोष्ट मी पुस्तकात सविस्तर सांगितली आहे, पण तिच्यावाचून ही प्रस्तावना मला पुरी करता येणार नाही.

हेलन टॉसिग ही अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९३०पासून मुलांच्या हृदयाचा दवाखाना चालवत होती. तरुणपणीच तिचे कान गेले. हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येऊ नये, म्हणजे तबलजीला बोटं नसावीत तसं. ती बाळांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय ‘ऐकायला’ शिकली आणि माणसांचं बोलणं ओठांवरून वाचायला शिकली. तिच्याकडे यायची ती ‘निळी बाळं’: हृदयात जन्मतः दोष, फुप्फुसांकडे रक्त कमी जातं, ओठ आणि नखं जांभळी, चार पावलं चालली की उकिडवी बसतात. हृदयाला हात लावायचा नाही हा तेव्हाचा दंडक. टॉसिगच्या डोक्यात आलं की हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडली तर? आल्फ्रेड ब्लॅलॉक या सर्जनने ते करून दाखवलं आणि त्याच्या प्रयोगशाळेतल्या व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने, ज्याला वैद्यकीय कॉलेजात शिकता आलं नाही, ते तंत्र आधी कुत्र्यांवर बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या सव्वा वर्षाच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. थॉमस ब्लॅलॉकच्या मागे उभा राहून टाके सांगत होता. ती मुलगी काही महिन्यांनी गेली. तिसरी शस्त्रक्रिया सहा वर्षांच्या मुलावर झाली. वाहिनीवरचे चिमटे काढले आणि टेबलावरच त्याचे जांभळे ओठ गुलाबी झाले.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडावर पट्ट्या. माणसांचे ओठ वाचून जगणाऱ्या त्या बाईला तिथे कोणाचंही बोलणं वाचता येण्यासारखं नव्हतं. वाचायला ओठ एकाच माणसाचे उरले होते, आणि ते काही बोलत नव्हते.

दुसरा विषय दुभंगलेल्या ओठांचा. आपल्याकडे गरोदर बाईला ग्रहण ‘पाळायला’ लावतात: चिरायचं नाही, कापायचं नाही, हलायचं नाही, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो. जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते, म्हणजे ग्रहण न मानणाऱ्या देशांतही. आणि गर्भात वरचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो तो सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. पोट दिसायला लागून सासू जेव्हा तिला कोपऱ्यात बसवते, तेव्हा बाळाचा ओठ कधीच घडून गेलेला असतो, जसा घडायचा तसा. तरी जन्मानंतर नातेवाईक आठवून आठवून सांगतात की त्या दिवशी हिने विळी हातात घेतली होती. आनुवंशिकता, गरोदरपणातलं धूम्रपान, फिटसाठीची काही औषधं ही खरी संशयितांची यादी, आणि अनेकदा कारण सापडतच नाही. सापडत नाही तिथे आपण बाईला उभी करतो.

ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान होते. टाळूही दुभंगली असेल तर तीही नंतर शिवावी लागते, कारण तिच्यातून हवा नाकात निसटली की बाळाला ‘ब’ म्हणता येत नाही, त्याचा ‘म’ होतो. सुश्रुताने ओठ जोडण्याचा विधी नाक जोडण्यासारखाच, फक्त नळ्या न घालता करावा असं थोडक्यात सांगून ठेवलं आहे. नाकाचं नशीब मोठं. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याकडे नवं नाक बसवलं गेलं, त्याची बातमी १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि जगाची प्लास्टिक सर्जरी तिथून पुढे निघाली. ओठांच्या वाट्याला सुश्रुताचं ते एक वाक्य.

तंबाखूवरचं प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत लांब आहे आणि ते मी कमी करू शकलो नाही. खालच्या ओठामागे तंबाखूचा बार भरून ठेवणारे, सकाळी मिश्री लावणाऱ्या आयाबाया, सुपारीचा मावा चघळणारी शाळकरी पोरं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, आणि ती किती आहे हे शाळेच्या कुंपणाबाहेर पडलेल्या पुड्या सांगतात. सुपारीने तोंडाचं अस्तर हळूहळू कडक होतं, ओठ आणि गाल लवचीकपणा सोडतात. सुरुवातीला तिखट सोसत नाही, मग शिट्टी वाजत नाही, फुंकर मारता येत नाही. माझा एक विद्यार्थी वर्गात सर्वांत मोठी शिट्टी मारायचा आणि त्यासाठी माझ्याकडून मार खायचा. तिशीत भेटला तेव्हा त्याच्या तोंडात दोन बोटंही उभी मावत नव्हती. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. हे वाचताना करून पाहायला हरकत नाही.

बाकी काही गोष्टी पुस्तकात आहेत म्हणून नुसत्या नोंदवतो. ओठांचे कोपरे चिरतात ते लोह किंवा ब जीवनसत्त्वं कमी पडल्याने, कधी कवळी नीट न बसल्याने. ताप उतरताना ओठावर येणारे फोड विषाणूचे असतात, तो एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूत जन्मभर मुक्काम करतो, आणि फोड आलेला असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी ओठांच्या सहा हालचाली सांगितल्या, त्यांतली ‘संदष्टक’ म्हणजे आपलं दातओठ खाणं. तुतारीत पत्ती नसते, वाजतात ते वाजवणाऱ्याचे ओठच.

एक प्रसंग मात्र नोंदवून भागणार नाही. माझी काकू एका सकाळी चहा पिताना कोपऱ्यातून चहा गाळू लागली. आम्ही हसलो. ‘काकू, पदर बांधा गळ्याला,’ असं मीच म्हणालो. ती काही तरी म्हणाली, पण ओठांची डावी बाजू हलली नाही आणि शब्द घरंगळला. आम्हाला वाटलं झोप नीट झाली नाही. दुपारी हात उचलेना तेव्हा गाडी बोलावली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. ओठांची एक बाजू अचानक उतरली, विशेषतः कपाळाला आठ्या घालता येत असताना, तर तो पक्षाघात असू शकतो. आठ्याही पडत नसतील तर बहुधा चेहऱ्याची एक नस सुजलेली असते, आणि तो आजार पुष्कळदा आपोआप बरा होतो. पण हा भेद घरी बसून करू नये, डॉक्टरांना करू द्यावा. काकू त्यानंतर चार वर्षं जगली. तिला पवर्ग पुन्हा आला नाही. मला ती ‘बाळ’ म्हणायची, पुढे ते नुसतं ‘आळ’ झालं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं त्याचं पथक ज्या आजारांसाठी मुलं तपासतं त्यांत दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष आणि जन्मजात बहिरेपण हे तिन्ही आहेत. या पुस्तकातली माझी तिन्ही प्रकरणं सरकारच्या एका कागदावर आधीच एकत्र होती. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर अंगणवाडीताईंना विचारा. पुढचे उपचार या कार्यक्रमातून मोफत होतात.

२०२२च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली. त्या संध्याकाळी मी पत्नीबरोबर बाजारात गेलो आणि दोन वर्षांनी भाजीवालीचं तोंड पाहिलं. मेथी वीस रुपये, हे एका फटक्यात कळलं. आता मला श्रवणयंत्र आहे, तरी मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आणि काही लोकांना ते उद्धटपणाचं वाटतं.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस ‘काय?’ म्हणालं तर आवाज चढवू नका. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि आहे तेही वाचता येत नाही. उठून त्याच्या समोर या, खिडकीकडे पाठ न करता उजेडात उभे राहा, तोंडावरचा हात काढा, आणि नेहमीच्याच आवाजात पुन्हा एकदा सांगा.